बॉयलरमधला चुना आणि रोहिणीतला चुना

सोलापूरहून पुण्याकडे जाणाऱ्या महामार्गालगतची चिंचोळी औद्योगिक वसाहत ही सोलापूरच्या उद्योगाच्या दुसऱ्या पर्वाची खूण आहे. पहिले पर्व कापसाचे होते. १८७७ साली सुरू झालेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी, जिला शहर ‘जुनी गिरणी’ म्हणते, आणि तिच्यामागून आलेल्या नरसिंगगिरजी, लक्ष्मी-विष्णू यांसारख्या गिरण्या यांच्या भोंग्यांवर शहराचा दिवस चाले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे भोंगे एकामागून एक थांबले, आणि १ ऑगस्ट १९६२ रोजी स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या एमआयडीसीने, आखून दिलेल्या भूखंडांवर नवे उद्योग उभे राहू लागले. चिंचोळीत यंत्रभागांचे कारखाने आहेत, तसे रसायनांचे आणि ‘बल्क ड्रग’चेही आहेत; बल्क ड्रग म्हणजे गोळी किंवा कॅप्सूल बनण्यापूर्वीचे औषधाचे मूळ द्रव्य. १९८८ मध्ये स्थापन झालेली बालाजी अमाइन्स आणि १९८९ मध्ये स्थापन झालेली स्मृती ऑर्गॅनिक्स या सोलापूरच्या दोन कंपन्यांचे कारखाने येथे आहेत. अमाइन ही अमोनियापासून साधली जाणारी नायट्रोजनयुक्त कार्बनी संयुगे असून त्यांतील डायमेथिलअमाइनच्या क्षारापासून मधुमेहावरील मेटफॉर्मिन हे औषध तयार होते, आणि मेटफॉर्मिन हे स्मृती ऑर्गॅनिक्सच्या उत्पादनांपैकी एक आहे.

मेटफॉर्मिनचा उल्लेख येथे केवळ स्थानमाहात्म्यासाठी नाही. भारतातील दीर्घकालीन मूत्रपिंडविकाराच्या नोंदवहीचा जो अहवाल २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातील ५२,२७३ प्रौढ रुग्णांपैकी सुमारे ३१ टक्के रुग्णांच्या आजाराचे मूळ मधुमेहात होते. जे औषध मधुमेह आवरून मूत्रपिंडाचे रक्षण करण्यास हातभार लावते, ते स्वतः मूत्रपिंडावाटेच शरीराबाहेर जाते. त्यामुळे गाळणक्षमता मिनिटाला ३० मिलिलिटरच्या खाली गेली की तेच औषध थांबवावे लागते. आजार त्याही पुढे गेला की रुग्णाच्या वाट्याला डायलिसिस येते आणि डायलिसिसबरोबर एक वेगळेच संकट येते, ते म्हणजे रक्तवाहिन्यांत चुना साचणे.

रासायनिक वसाहतीत वाफेशिवाय पान हलत नाही आणि वाफेसाठी बॉयलर लागतो. दख्खनच्या बेसाल्ट खडकातून झिरपलेल्या भूजलात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार पुष्कळ असतात. असे जड, म्हणजे दुष्फेन पाणी तसेच तापवले तर नळ्यांच्या आतल्या अंगाला ‘स्केल धरते’, नळी अरुंद होते, उष्णता अडते आणि शेवटी धातू फाटतो. म्हणून बॉयलरआधी पाणी मऊ करणारा सॉफ्टनर बसवतात, हल्ली त्याच्या जोडीला आरओ संयंत्र असते, आणि उरल्यासुरल्या क्षाराला थोपवण्यासाठी पाण्यात अल्प प्रमाणात रसायने सोडतात. डायलिसिसच्या रुग्णाच्या रोहिणीत चुना का साचतो, याविषयीच्या वैद्यकीय समजुतीचा गेल्या दीडशेहून अधिक वर्षांचा इतिहास हा एका परीने याच बॉयलरच्या उपमेचा इतिहास आहे. ही उपमा आधी पूर्ण खरी मानली गेली, नंतर टाकून दिली गेली, आणि अखेर तिचा अर्धा भाग सन्मानाने परत घेतला गेला. जनुकांतील भेदांचा प्रश्न या तिसऱ्या टप्प्यावर उभा राहिला, आणि पहिल्या दोन टप्प्यांचा हिशेब ठेवल्याशिवाय तो सुटत नाही.

कापसाची पडदी

मराठी विश्वकोशाच्या परिभाषेत हृदयाकडून रक्त नेणाऱ्या वाहिनीला रोहिणी आणि हृदयाकडे रक्त आणणाऱ्या वाहिनीला नीला म्हणतात. बोलण्यात रोहिणीला धमनी असेही म्हटले जाते. डायलिसिसला त्याच परिभाषेत अपोहन हा शब्द आहे. सूक्ष्म छिद्रांच्या पडदीच्या एका बाजूने रक्त आणि दुसऱ्या बाजूने ठरावीक क्षार मिसळलेले शुद्ध पाणी वाहू दिले, की रक्तातील युरियासारखे लहान रेणू पडदी ओलांडून पाण्यात उतरतात आणि रक्तपेशी व मोठी प्रथिने मागे राहतात, हे त्याचे तत्त्व.

या तत्त्वाचे यंत्र जर्मन ताब्यातील नेदरलँड्समध्ये, कांपेन या लहान गावच्या रुग्णालयात, विलेम कोल्फ यांनी १९४३ मध्ये उभे केले. लाकडी पट्ट्यांच्या फिरत्या पिंपावर त्यांनी सॉसेजच्या वेष्टनासाठी वापरली जाणारी सेलोफेनची नळी गुंडाळली होती. सेलोफेन म्हणजे वनस्पतीच्या तंतूतील सेल्युलोज विरघळवून पुन्हा घडवलेली पारदर्शक पडदी. पुढे काही दशके जगभर वापरली गेलेली ‘क्युप्रोफेन’ ही पडदीही सेल्युलोजचीच होती, आणि ती बनवण्यासाठी रुई काढल्यावर सरकीला चिकटून राहणारे कापसाचे आखूड तंतू, म्हणजे लिंटर, तांब्याच्या अमोनियायुक्त द्रावणात विरघळवले जात. याचा अर्थ असा की ज्या काळात सोलापूरच्या गिरण्या लांब तंतूचे सूत काढत होत्या, त्याच काळात कापसाच्या टाकाऊ तंतूवर मूत्रपिंड गमावलेल्या माणसांचे प्राण तरत होते. १९८० आणि १९९०च्या दशकांत ही पडदी मागे पडून तिच्या जागी पॉलिसल्फोनसारख्या कृत्रिम बहुवारिकांच्या पोकळ तंतूंचे डायलायझर आले. सोलापूरनेही साधारण याच काळात कापसाकडून रसायनांकडे कूस बदलली.

पडदी बदलण्यामागचे एक कारण या निबंधाच्या विषयाला थेट भिडणारे आहे. सेल्युलोजच्या पृष्ठभागाशी रक्ताचा संबंध आला की शरीराची संरक्षणयंत्रणा चाळवली जाते आणि दाह, म्हणजे रोगजंतू नसतानाही चाललेली आतली धुसफुस, वाढतो. दाह वाढला की यकृत काही प्रथिने कमी प्रमाणात बनवू लागते, आणि त्यांतलेच एक प्रथिन रक्तातील चुना विरघळलेल्या अवस्थेत सांभाळणारे आहे, हे पुढे लक्षात आले.

कोल्फ यांचे यंत्र काही दिवसांपुरते मूत्रपिंड थांबलेल्या रुग्णासाठी होते, कारण दर वेळी नवी रक्तवाहिनी उघडावी लागे. कायमच्या डायलिसिसचा आरंभ ९ मार्च १९६० रोजी अमेरिकेतील सिएटल येथे झाला, जेव्हा बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी रोहिणी आणि नीला यांना जोडणारी टेफ्लॉनची नळी एका रुग्णाच्या हातात बसवली. क्लाइड शील्ड्स हा तो रुग्ण बोइंग विमान कारखान्यातील यंत्रकामगार होता. १९६६ मध्ये ब्रेशिया आणि सिमिनो यांनी मनगटाजवळ रोहिणी थेट नीलेला शिवून ‘फिस्टुला’ करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. आज डायलिसिस केंद्रात हाताच्या कातडीखाली थरथरणारी जी फुगलेली शीर दिसते, ती हीच. भारतात १९६०च्या दशकाच्या आरंभी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डायलिसिस सुरू झाले. मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९६५ मध्ये देशातील मूत्रपिंडरोपणाचा पहिला प्रयत्न झाला आणि तेथेच डॉ. विद्या आचार्य यांनी मूत्रपिंडविकारशास्त्राचा विभाग नावारूपाला आणला. सोलापुरात १९६३ मध्ये डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले, तरी सामान्य घरातील रुग्णाला वर्षानुवर्षे डायलिसिस परवडेल अशी स्थिती येण्यास आणखी अर्धे शतक जावे लागले.

वाचलेल्यांचा मृत्यू

क्लाइड शील्ड्स अकरा वर्षे जगला आणि १९७१ मध्ये हृदयविकाराने मरण पावला. त्याचा मृत्यू अपवाद नव्हता. १९७४ मध्ये स्क्रिब्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीर्घकाळ डायलिसिसवर असलेल्या रुग्णांमध्ये रोहिण्यांचा आजार सामान्य माणसाहून फार वेगाने वाढतो, असा निष्कर्ष प्रसिद्ध केला. मूत्रपिंडाच्या अपयशाने येणारे मरण पुढे ढकलले गेले होते आणि त्या मोकळ्या झालेल्या वर्षांत हृदय व रोहिण्या बळी घेऊ लागल्या होत्या.

चुना मऊ ऊतींत साचतो ही गोष्ट त्याआधीच ठाऊक होती. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडोल्फ फिर्खो यांनी १८५५ मध्येच अशा साचण्याचे वर्णन ‘चुन्याचे स्थलांतर’ या अर्थाच्या शब्दात केले होते, आणि १९०३ मध्ये योहान ग्योर्ग म्योन्केबेर्ग यांनी रोहिणीच्या मधल्या, स्नायूंच्या थरात कड्यासारखा जमणारा चुना वेगळा ओळखला. हा भेद महत्त्वाचा आहे. सर्वसाधारण धमनीकाठिण्यात रोहिणीच्या आतल्या अस्तराखाली मेदाचा थर बसतो आणि त्यात ठिकठिकाणी चुना येतो, त्यामुळे वाहिनी तुंबते. मूत्रपिंडविकारात त्याच्या जोडीला मधला थर चुन्याने ताठ होतो, त्यामुळे वाहिनी उघडी राहूनही रबरासारखी न लवचता लोखंडी नळासारखी वागते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याचा धक्का झेलण्याची तिची शक्ती जाते, रक्तदाबाचा वरचा आकडा चढतो आणि हृदयाचा स्नायू जाड होत जातो. या चुन्याचे रसायनही लक्षात ठेवण्याजोगे आहे. बॉयलरच्या नळीत मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट बसते, तर रोहिणीत कॅल्शियम फॉस्फेट, आणि त्याची स्फटिकरचना हाडातील खनिजाशी मिळतीजुळती असते.

तरीही १९६० ते १९९० या काळात वैद्यक साचण्याकडे बॉयलरच्याच नजरेने पाहत होते. रक्तातील कॅल्शियम आणि फॉस्फेट यांच्या आकड्यांचा गुणाकार एका मर्यादेपलीकडे गेला की चुना आपोआप खाली बसतो, असा हा हिशेब होता. १९६७ मध्ये ‘जड पाण्याचा विकार’ या नावाने एक अनुभव वैद्यकीय नियतकालिकात नोंदला गेला. डायलिसिसच्या पाण्याचा सॉफ्टनर बंद पडल्याने पाण्यातील कॅल्शियम थेट रुग्णांच्या रक्तात उतरले आणि त्यांना मळमळ, उलट्या व रक्तदाबाचा त्रास झाला. एका चार तासांच्या डायलिसिसमध्ये सुमारे १२० लिटर पाणी पडदीच्या पलीकडून वाहते, म्हणून पिण्यास निर्धोक असलेले पाणीही येथे चालत नाही, हे तेव्हापासून पक्के झाले.

पाण्याचा दुसरा धडा तुरटीने दिला. गढूळ पाण्यात तुरटी फिरवून ते निवळणे ही घरोघरची रीत. नगरपालिकांची जलशुद्धीकरण केंद्रेही तेच करतात. तुरटीतील ॲल्युमिनियम निरोगी मूत्रपिंड सहज बाहेर टाकते, परंतु डायलिसिसच्या पाण्यातून ते रुग्णाच्या रक्तात शिरू लागले तेव्हा १९७०च्या दशकात अमेरिका आणि इंग्लंडमधील केंद्रांत स्मृतिभ्रंश, झटके आणि ठिसूळ हाडांचे रुग्ण दिसू लागले. ॲल्युमिनियम दुसऱ्या वाटेनेही येत होते. मूत्रपिंड नसताना आहारातील फॉस्फेट अंगात साठते, आणि ते आतड्यातच धरून ठेवण्यासाठी रुग्णांना ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड दिले जात असे. हे औषध मागे घेतल्यावर १९८०च्या दशकात त्याच्या जागी जे आले ते कॅल्शियम कार्बोनेट होते, म्हणजे चुनखडीचे शुद्ध रूप, बॉयलरच्या नळीत बसते तेच संयुग. फॉस्फेट आवरण्यासाठी रुग्णाला रोज काही ग्रॅम चुनाच खाऊ घातला गेला, आणि जोडीला ड जीवनसत्त्वाचे जे क्रियाशील रूप दिले गेले, त्यामुळे आतड्यातून कॅल्शियम आणखी शोषले जाऊ लागले.

या उपायाची किंमत २००० साली समोर आली. अतिवेगवान सीटी तपासणीने बालपणापासून मूत्रपिंडविकार असलेल्या, विशी-तिशीतील डायलिसिस रुग्णांच्या हृदयाच्या रोहिण्या पाहिल्या गेल्या, तेव्हा अनेकांत चुना भरलेला दिसला आणि तो असणाऱ्यांच्या पोटात कॅल्शियमच्या गोळ्या अधिक गेल्या होत्या. १९९८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले सेव्हेलामर हे औषध कॅल्शियमविना फॉस्फेट धरते. त्याची जडणघडण अमाइनांच्या ओळखीची आहे, कारण ते अमाइन गट जागोजागी लटकलेले एक न विरघळणारे बहुवारिक असून त्यांचा धन विद्युत्भार फॉस्फेटच्या ऋण भाराला चिकटवून ठेवतो. २०० रुग्णांवरील आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका वर्षाच्या तुलनेत कॅल्शियम घेणाऱ्यांच्या रोहिण्यांतील चुना वाढत गेला, तर सेव्हेलामर घेणाऱ्यांत ती वाढ तशी दिसली नाही. त्याने आयुष्य किती वाढते यावरील पुढील निष्कर्ष मात्र एकमुखी नाहीत. केडीआयजीओ या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनी कॅल्शियमयुक्त औषधांची मात्रा मर्यादित ठेवण्याचा सल्ला दिला.

नळी नव्हे, ऊती

बॉयलरच्या उपमेला तडा जाण्यास १९९७ पासून सुरुवात झाली. मॅट्रिक्स ग्ला प्रथिन, थोडक्यात एमजीपी, हे १९८३ मध्ये गाईच्या हाडातून वेगळे काढले गेले होते. हे प्रथिन बनवणारे जनुक काढून टाकलेले उंदीर जन्माला घातले तेव्हा त्यांच्या रोहिण्या चुन्याने भरून गेल्या आणि सुमारे दोन महिन्यांत महारोहिणी फाटून ते मेले. त्यांच्या रक्तातील कॅल्शियम-फॉस्फेटचे प्रमाण बिघडलेले नव्हते. निरोगी रोहिणीत चुना बसत नाही तो केवळ रक्तात तो कमी आहे म्हणून नव्हे, तर कोणीतरी त्याला सतत अडवत असते म्हणून, हा याचा अर्थ. २००० साली प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी रोहिणीच्या स्नायुपेशींना डायलिसिस रुग्णाच्या रक्तात असते तितके फॉस्फेट दिले असता त्या पेशींनी स्नायूचे गुण सोडले, हाडाच्या पेशींचे गुण घेतले आणि स्वतःभोवती खनिज रचले. तेव्हा चुना रोहिणीत नुसता बसत नाही, रोहिणी हाडासारखी वागू लागून तो बांधते, हे स्पष्ट झाले, आणि नळीची उपमा टाकून दिली गेली.

परंतु तिचा अर्धा भाग खरा होता, आणि तो कारखान्यांतूनच आला होता. पाण्यात अगदी अल्प प्रमाणात सोडलेले संघनित फॉस्फेट कॅल्शियम कार्बोनेटचे स्फटिक वाढू देत नाहीत, म्हणून ते पाणी मऊ करण्यासाठी फार पूर्वीपासून वापरले जात होते. स्वित्झर्लंडचे हर्बर्ट फ्लाइश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकात दाखवले की मानवी रक्त आणि मूत्र यांत पायरोफॉस्फेट हा त्याच कुळातला रेणू असतो आणि तो मऊ ऊतींत चुना बसू देत नाही. हाडे ठिसूळ होण्यावरील बिसफॉस्फोनेट औषधे याच विचारातून आली, आणि त्यांची मूळ संयुगेही आधी कापड, खत व तेल उद्योगांत स्केल रोखण्यासाठी वापरली जात होती. डायलिसिस रुग्णाच्या रक्तातील पायरोफॉस्फेट प्रत्येक सत्रात पडदीतून वाहून जाते, हे पुढे आढळले. याचा अर्थ विष काढणारे यंत्र संरक्षकालाही काढते.

अशा संरक्षकांपैकी तिसरा म्हणजे फेट्युइन-ए, यकृतात बनणारे आणि १९४४ मध्ये वासराच्या भ्रूणाच्या रक्तद्रवात सापडलेले प्रथिन. कॅल्शियम आणि फॉस्फेट एकत्र येऊन कण बनू लागले की हे प्रथिन त्यांना गुंडाळून, दुधातील स्निग्धांशासारखे तरंगते ठेवते. डायलिसिसवरील ज्या रुग्णांत ते कमी असते ते लवकर दगावतात, असे जर्मनीतील संशोधकांनी २००३ मध्ये दाखवले. सेल्युलोजच्या पडदीने वाढवलेला दाह जे प्रथिन कमी करतो असे आधी म्हटले, ते हेच. एमजीपीला क्रियाशील होण्यासाठी के जीवनसत्त्व लागते. पोटॅशियमच्या भीतीने डायलिसिस रुग्णाला मेथी, पालक, अंबाडी यांसारख्या पालेभाज्या कमी करायला सांगितले जाते आणि त्याबरोबर के जीवनसत्त्वही कमी होते. रक्त पातळ करणारे वॉरफेरिन हे औषध तर याच जीवनसत्त्वाच्या विरोधात काम करते.

सोलापुरी ताटातील एका घटकाला या संदर्भात वेगळे स्थान आहे. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीसारख्या धान्यांत फॉस्फरस मोठ्या प्रमाणात फायटेटच्या रूपात बांधलेला असतो, आणि मानवी आतड्यात फायटेट फोडणारे विकर पुरेसे नसल्याने त्यातील मोठा भाग शोषला जात नाही, तर डबाबंद पदार्थांत टिकाऊपणासाठी घातलेले फॉस्फेट जवळजवळ पूर्ण शोषले जाते. हेच फायटेट शुद्ध करून डायलिसिसदरम्यान शिरेवाटे दिले असता हृदयाच्या रोहिण्यांतील चुन्याची वाढ मंदावते, असा निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. भाकरी खाऊन तो परिणाम मिळत नाही, कारण खाल्लेले फायटेट रक्तात फारसे पोचत नाही. पण स्फटिकाची वाढ अडवणाऱ्या रेणूचा कारखाना ते शरीर हा प्रवास अजून चालू असल्याचे त्यातून दिसते.

अक्षरातला फरक

दोन रुग्ण एकाच केंद्रात, एकाच पाण्यावर, तितकीच वर्षे डायलिसिस घेतात आणि एकाच्या रोहिण्या चुन्याने भरतात, दुसऱ्याच्या स्वच्छ राहतात, हे कोड्यात टाकणारे दृश्य होते. संरक्षक प्रथिने सापडल्यावर त्याचे एक उत्तर सुचले : ही प्रथिने बनवणाऱ्या जनुकांतच व्यक्तिगणिक फरक असावा. मानवी डीएनए म्हणजे सुमारे तीन अब्ज अक्षरांचा मजकूर असून, नात्याबाहेरच्या दोन व्यक्तींत साधारण हजारात एक अक्षर वेगळे असते. समाजात बऱ्यापैकी आढळणाऱ्या अशा एका अक्षराच्या फरकाला बहुरूपता म्हणतात. फेट्युइन-ए च्या जनुकातील एका बहुरूपतेमुळे प्रथिनाच्या २५६व्या स्थानी थ्रिओनिनऐवजी सेरीन हे अमिनो आम्ल येते. सेरीनचा पाठ असणाऱ्या रुग्णांत हे प्रथिन कमी आणि मृत्यू अधिक, असे स्वीडनमधील संशोधकांनी २००५ मध्ये दाखवले. पायरोफॉस्फेट घडवणाऱ्या विकराच्या ईएनपीपी१ या जनुकातील बहुरूपतेचा हृदयाच्या रोहिण्यांतील चुन्याशी संबंध २००८ मध्ये नोंदला गेला. एमजीपी, के जीवनसत्त्वाच्या पुनर्वापराचे जनुक आणि ड जीवनसत्त्वाचे ग्राही हेही तपासले गेले.

क्लोथो या जनुकाची कथा सुताच्या गावाला जवळची वाटावी अशी आहे. १९९७ मध्ये जपानी संशोधकांना ज्या उंदरांत हे जनुक निकामी झालेले आढळले, ते अकाली म्हातारे होत आणि त्यांच्या रोहिण्यांत चुना साचे. म्हणून जनुकाला आयुष्याचा धागा कातणाऱ्या ग्रीक देवतेचे नाव दिले गेले. हे जनुक मुख्यतः मूत्रपिंडात काम करते. हाडांतून येणारे एफजीएफ२३ हे संप्रेरक मूत्रपिंडाला फॉस्फेट बाहेर टाकण्याची आज्ञा देते, आणि ती आज्ञा ऐकण्यासाठी क्लोथो लागते. मूत्रपिंड आटले की क्लोथो घटते आणि एफजीएफ२३ अनेक पटींनी चढते. या चढलेल्या पातळीचा डायलिसिसच्या पहिल्या वर्षातील मृत्यूंशी संबंध २००८ मध्ये दाखवला गेला.

असे असले तरी एकेका अक्षरावर बांधलेल्या या निष्कर्षांचा पाया सैल होता. बहुतेक गट काही शेकड्यांचेच होते, एका देशात सापडलेला संबंध दुसऱ्या देशात अनेकदा मिळाला नाही, आणि एकेका बहुरूपतेचा परिणाम अल्प होता. संपूर्ण जीनोम चाळणाऱ्या पुढच्या पिढीच्या अभ्यासांनी सर्वसामान्य लोकसंख्येत रोहिणीतील चुन्याशी जोडलेली स्थाने दाखवली, उदाहरणार्थ नवव्या गुणसूत्रावरील ९पी२१. परंतु या स्थानाचा संबंध अस्तराखालच्या मेदयुक्त आजाराशी अधिक आहे, मूत्रपिंडविकारातील मधल्या थराच्या ताठरपणाशी कमी.

सोलापूरसारख्या ठिकाणी या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. तेलंगणातून विणकामासाठी आलेले पद्मशाली, कन्नड बोलणारे लिंगायत, मराठी व उर्दू बोलणारे समाज असे अनेक गट या शहरात आणि त्याच्या कारखान्यांत एकत्र काम करतात, पण लग्ने पिढ्यान्‌पिढ्या बहुधा आपापल्या जातीत होतात. शिवाय मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल या भागातील अनेक समाजांत आहे. हैदराबादच्या कोशिकीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्राच्या सहभागाने २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले की अशा अंतर्विवाही गटांत मोजक्या पूर्वजांचे ठसे टिकून राहतात, त्यामुळे एका गटात सर्रास असलेले अक्षर शेजारच्या गटात दुर्मीळ असू शकते. तुलना करताना रुग्ण एका समाजाचे आणि निरोगी व्यक्ती दुसऱ्या समाजाच्या घेतल्या गेल्या, तर दोन समाजांतला कोणताही फरक आजाराचे कारण भासेल. युरोपातील आकडे येथे जसेच्या तसे लावणे चुकीचे ठरते ते यामुळेच. १० हजार भारतीयांच्या जीनोमची जी माहिती जीनोमइंडिया प्रकल्पाने जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुली केली, तिचे महत्त्व अशा तुलनेचा देशी पाया मिळण्यात आहे.

नोंदवही

डायलिसिस सोलापूरच्या सामान्य घरांपर्यंत पोचले ते मुख्यतः सरकारी विमायोजनांमुळे. कारखान्यातील कामगाराला राज्य कामगार विमा योजनेचा आधार होता. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत सोलापूर होता, तिचेच रूप २०१७ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाले, आणि २०१६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जाहीर झालेल्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाने जिल्हा रुग्णालयांत यंत्रे आणली. त्यामुळे जे रुग्ण पूर्वी काही महिन्यांत संपत, ते आता वर्षे काढतात, म्हणजे १९७४ मध्ये सिएटलने जो प्रश्न पाहिला तो आता येथे उभा आहे. भारतात अनेक रुग्ण आठवड्यातून तीनऐवजी दोनदाच डायलिसिस घेतात, आणि एका सत्रात ६०० ते १००० मिलिग्रॅमच फॉस्फेट निघते, त्यामुळे साठा उरतोच.

फेट्युइन-ए, एफजीएफ२३ किंवा निष्क्रिय एमजीपी मोजण्याच्या चाचण्या अजून मुख्यतः संशोधनापुरत्या आहेत. कॅल्शियम, फॉस्फेट, अल्कलाइन फॉस्फटेज आणि परावटू संप्रेरक, म्हणजे पीटीएच, या चार नेहमीच्या चाचण्या आणि कमरेच्या कण्याचा बाजूने घेतलेला साधा एक्स-रे, ज्यात महारोहिणीतील चुना पांढऱ्या रेघांनी दिसतो, एवढ्यावरही बरेच कळते. अडचण वेगळीच आहे. रोहिणीतील चुना जनुकांबरोबर उपचाराचाही इतिहास वाहतो : किती वर्षे कॅल्शियमच्या गोळ्या, ड जीवनसत्त्वाची किती मात्रा, वॉरफेरिन होते का, अपोहनाच्या द्रवात कॅल्शियम किती, पाण्याचा अहवाल काय. हा इतिहास लिहिलेला नसेल तर दोन रुग्णांतला फरक अक्षराचा की औषधाचा, हे कोणतीही जनुकचाचणी सांगू शकत नाही.

बॉयलरच्या बाबतीत हे भान फार जुने आहे. १९२३ च्या भारतीय बॉयलर अधिनियमाने बॉयलरची नोंदणी, ठरावीक मुदतीची तपासणी आणि तिचे प्रमाणपत्र सक्तीचे केले, आणि चांगल्या बॉयलरघरात पाण्याचा जडपणा रोजच्या रोज वहीत टिपला जातो. त्यामुळे नळीतील स्केल पाहणारा निरीक्षक मागची पाने उलटून ते केव्हा आणि कशाने धरले ते सांगू शकतो. रोहिणी ही नळी नव्हे, हे वैद्यकाने कष्टाने शिकले आहे. बॉयलरच्या उपमेतून घेण्याजोगे जे अजून उरले आहे, ते ही वही.